धावणारा कुत्रा थांबत का नाही?

प्रश्न : आमच्याकडे दीड वर्षाचा करवानी कुत्रा आहे. माझ्या सासऱ्यांनी तो निलंग्याहून आणला. आम्ही बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी घरचे करवानी भर उन्हाळ्यात कडक रानात पळायचे आणि त्यांना कधी काही झालं नाही. जमीन पोळल्याशिवाय कुत्र्याचे तळवे कणखर होत नाहीत, असंही ते म्हणतात. त्यामुळे माझे दीर त्याला रोज संध्याकाळी स्कूटरमागे पळवायचं म्हणतायत. मला एक कोडं पडलंय. गल्लीतली कुत्री सकाळचे दहा वाजले की गाड्यांखाली सावली धरून पडतात, ती उन्हं उतरेपर्यंत हलत नाहीत. आमचा करवानी मात्र जीभ लोंबेपर्यंत धापा टाकत असला तरी चेंडू दिसला की सुटतोच. त्याला ऊन कळत नाही का? आणि अशा कुत्र्याला उन्हाळ्यात किती, कसं पळवावं?
– एक वाचक, बरकतपुरा, हैदराबाद

उत्तर : ऊन त्याला कळते. पण पळण्याच्या भरात कळत नाही आणि त्याला तसे घडवणारे आपणच आहोत.

गल्लीतल्या कुत्र्याला कोणी निवडून वाढवलेले नाही. ज्याने दुपारी उगाच दमछाक करून घेतली तो जगला नाही. ज्याने सावली ओळखली त्याची पिल्ले आज तुमच्या गाड्यांखाली झोपतात. करवानीचे उलटे झाले. दख्खनच्या मोकळ्या माळावर लोकांनी शेकडो वर्षे एकच गुण पारखला : नजरेला पडलेला ससा डोळ्यांआड होईपर्यंत मागे वळायचे नाही. अर्ध्यातून परत फिरणाऱ्या कुत्र्याची पिल्ले कोणी राखून ठेवली नाहीत. त्यामुळे तुमच्या कुत्र्यात वेग जितका जन्मजात आहे, तितकेच न थांबणेही जन्मजात आहे. चेंडू त्याच्या लेखी ससाच.

आता शरीराची बाजू पाहू. माणसाला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांच्या गाद्यांपुरताच, आणि त्याने अंग थंड होत नाही. त्याचा खरा पंखा म्हणजे धाप. जीभ, तोंड आणि नाकातल्या ओलसर आवरणावरून भराभर हवा खेळवून तो उष्णता बाहेर टाकतो. पण चौखूर उधळलेल्या कुत्र्याचा श्वास त्याच्या उडीशी बांधलेला असतो. एक उडी, एक श्वास. शरीर आखडते तेव्हा हवा बाहेर, ताणले जाते तेव्हा आत. त्या वेळी लागणारा श्वास स्नायूंसाठी असतो. थंड होण्यासाठी लागणारी उथळ, जलद धाप त्यात बसतच नाही. म्हणजे जेव्हा उष्णता सर्वांत जास्त तयार होते, नेमका तेव्हाच पंखा बंद असतो. सगळी उष्णता अंगात साठते आणि थांबल्यावर बाहेर पडू लागते.

निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात शर्यतीच्या ग्रेहाउंडांची तापमाने धावेआधी आणि धावेनंतर मोजली गेली. मिनिटभरही न चालणाऱ्या त्या शर्यतीत तापमान सरासरी सुमारे दोन अंशांनी चढलेले आढळले. एकेचाळीसच्या वर धोक्याची हद्द सुरू होते. हवा गार असेल तर थांबल्यावर कुत्र्याचे तापमान हळूहळू उतरते. हवा ४० अंशांवर असेल, तर धाप लागूनही उष्णता फारशी उतरत नाही. गॅस बंद केल्यावरही तवा तापलेला राहतो, तसा तो आतून तापलेलाच राहतो. अशा वेळी तुम्ही दुसऱ्यांदा चेंडू फेकला तर पुढची भर त्या तापलेल्या अंगावर पडते. घात होतो तो बहुधा या दुसऱ्या-तिसऱ्या धावेत. पहिल्या धावेला बहुतेक कुत्रे निभावून नेतात.

बंद गाडीत ठेवलेल्या कुत्र्याला उष्माघात होण्याची भीती सगळ्यांना माहीत असते, आणि ती खरीच आहे. पण ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींचा अभ्यास झाला तेव्हा उष्माघाताची सुमारे तीन-चतुर्थांश प्रकरणे व्यायामातून उद्भवलेली निघाली. गाडीतली त्या मानाने थोडी. तेही ब्रिटनसारख्या थंड देशात. हैदराबादच्या एप्रिल-मे महिन्यांत काय होत असेल, याचा विचार करा.

तुमच्या सासऱ्यांचे सांगणे मी खोटे मानत नाही. निलंगा आणि हैदराबाद १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते, आणि मराठवाड्यातून इकडे आलेल्या अनेक घरांत करवानीच्या अशा आठवणी आहेत. पण त्या कुत्र्यांचा उरलेला दिवस कसा जायचा, तेही विचारून घ्या. तो कुत्रा उघड्यावर जन्मायचा, अंगणात झोपायचा, दिवसभर बैलगाडीमागे किंवा मेंढरांबरोबर चालायचा. फाल्गुनातले ऊन त्याने अंगावर घेतलेले असायचे, म्हणून वैशाखाचे त्याला झेपायचे. उन्हाची अशी सवय अंगात मुरायला निदान दोन-तीन आठवडे लागतात, पूर्ण मुरायला दोन महिनेही लागू शकतात. पंख्याखाली किंवा एसीत झोपणाऱ्या आणि फक्त संध्याकाळी खाली उतरणाऱ्या कुत्र्याला ती सवय होत नाही. शिवाय कुत्रे घेऊन रानात जायचे ते बहुधा पहाटे, आणि मोठा हंगाम थंडीचा किंवा ज्वारी निघाल्यानंतरचा. बारा वाजता जाणकार माणूस स्वतःही कडुनिंबाखाली असायचा. आणि जो कुत्रा उन्हाने गेला, त्याच्या गोष्टी कोणी सांगत बसत नाही. आठवणीत राहतो तो ससा आणणाराच.

शिकारीचा विषय निघालाच आहे म्हणून स्पष्ट सांगतो. सुट्टीत गावी नेऊन सशामागे ‘एकदाच’ सोडावे, असे कोणी सुचवले तर ठाम नकार द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची व्याख्या फक्त मारण्यापुरती नाही. कुत्रे लावून पाठलाग करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्यात येते. काळवीट तर कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत आहे. आज माळावर उरलेल्या थोड्या सशा-हरणांची किंमत आपल्या कुत्र्याच्या हौसेहून मोठी आहे.

आता जमिनीकडे येऊ, कारण उन्हाइतकाच हा प्रश्न जमिनीचा आहे. करवानी, मुधोळ, ग्रेहाउंड ही मंडळी पळताना प्रत्येक उडीत दोनदा पूर्ण हवेत असतात : एकदा पाय पोटाखाली गोळा करून आणि एकदा पुढे-मागे ताणून. ग्रेहाउंड तर ताशी साठ किलोमीटरच्या पुढे जातो. इतक्या वेगाने खाली येताना क्षणभर सगळा भार एकेका पायावर, खरे तर चार बोटांवर येतो. पायाखाली ओलसर माती किंवा गवत असेल तर ती थोडी दबून धक्का गिळते. मे महिन्यातली जमीन काहीच गिळत नाही. बोटाचे सांधे निखळतात, मनगट सुजते, नख मुळापासून उलते. ग्रेहाउंडच्या गादीत माणसाच्या तळव्यासारखी कुरुपे होतात आणि कडक रस्त्यावर तो लंगडू लागतो. गवतावर मात्र तोच कुत्रा ठीक चालतो. नखे वाढलेली असली तर बोटे प्रत्येक पावलाला मागे ढकलली जातात, म्हणून उन्हाळ्याआधी ती कापून घ्यावीत. पुढच्या पायाच्या अंगठ्याचे नखही विसरू नका. कशात अडकून फाटते ते बहुधा तेच.

सरळ धावण्यापेक्षा वळण्याने जास्त मोडतोड होते. गोल मार्गावर सतत डावीकडे वळत धावणाऱ्या शर्यतीच्या ग्रेहाउंडांत मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातले एक छोटे हाड मोडणे ही ठरलेली दुखापत आहे, कारण प्रत्येक वळणाचा भार त्याच पायावर पडतो. म्हणून शाळेचे किंवा सोसायटीचे लहान, टणक मैदान अशा कुत्र्याला मोकळे सोडण्यासाठी फारच वाईट. चार उड्यांत भिंत येते, आणि करकचून वळावे लागते. लहान मैदानात त्याला पट्ट्यावर चालवणेच बरे.

खेड्यातले रान मऊ असते हा शहरातल्या लोकांचा भ्रम आहे. उन्हाळी नांगरट झालेल्या काळ्या रानात दगडासारखी ढेकळे असतात, न नांगरलेल्या रानात पाय शिरेल एवढ्या भेगा पडतात. त्यात ज्वारी-तुरीची धसकटे, जी गादी उभी चिरतात. सराटे बोटांच्या बेचक्यात रुततात. आणि कुसळे सर्वांत लबाड : ती केसांतून शिरून कातडीखाली, कानात पुढेपुढे सरकत जातात, आणि आठवड्याने गळू होते तेव्हा कारण कळत नाही. गावाहून परतल्यावर कुत्र्याची बोटे आणि कान बोटांनी चाचपून बघा. त्याच वेळी गोचिडीही काढा. गोचीड-तापाने रक्त पातळ झालेला कुत्रा वरून धडधाकट दिसतो आणि पळवल्यावर कोसळतो.

तळवे कणखर होतात, हे सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. पण पोळून नव्हे, चालून. थंडीच्या दिवसांत खडबडीत मातीवर, मुरमावर, रोज थोडे थोडे वाढवत कित्येक आठवडे चालवले की गादीची कातडी जाड होते. पोळल्याने तीच जाड कातडी सोलून निघते आणि खाली येते ती नवी, कोवळी. डांबराचा रस्ता दुपारच्या उन्हात हवेपेक्षा पंचवीस-तीस अंश जास्त तापू शकतो. म्हणजे ४० अंशांच्या दिवशी तो साठीच्या पार जातो. पोळलेली गादी लगेच दिसत नाही. कुत्रा घरी येऊन पंजे चाटत बसतो, पाऊल उचलून धरतो, आणि फोड रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो. गार पाण्याने धुवा, स्वच्छ कापड गुंडाळा, दवाखान्यात न्या. दुखते म्हणून घरातली आयब्युप्रोफेनची गोळी कधीही देऊ नका. कुत्र्याचे पोट आणि मूत्रपिंड तिने जाते. टाके घालायला भूल द्यावी लागली, तर पशुवैद्यांना हा धावणारा, चरबी नसलेला कुत्रा आहे याची आठवण करून द्या. ग्रेहाउंडांना थायोपेंटोनची भूल उतरायला फार वेळ लागतो, हे त्यांना ठाऊक असते.

स्कूटरचा बेत आजच मोडा. संध्याकाळी सहाला ऊन उतरलेले असते, पण दिवसभर प्यायलेली उष्णता डांबर आणि सिमेंट तेव्हाच ओकत असतात. स्कूटर कुत्र्याच्या तोंडाकडे बघत नाही, एकसारखी पुढे जाते, आणि आपण वर सांगितल्याप्रमाणे हा कुत्रा मागे राहायला तयार होत नाही. शिवाय मोठ्या चणीच्या कुत्र्याची हाडे भरायला दीड वर्ष लागते. तुमचा आत्ता कुठे त्या उंबरठ्यावर आहे. कडक रस्त्यावरचा एकसुरी लांब पल्ला त्याला थंडीतही नको.

मग करायचे काय? मे महिन्यात हैदराबादला पावणेसहाच्या सुमारास उजाडते. पहाटे पाचला खाली उतरा, साडेसहाला घरात या. रात्रभर निवलेला रस्ता त्या वेळी बरकतपुऱ्यात सर्वांत गार असतो. तरी उतरल्यावर पहिल्यांदा हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून सात-आठ सेकंद धरा. तुम्हाला धरवत नसेल तर त्यालाही चालवू नका. बरकतपुरा चमनच्या आसपासच्या गल्ल्यांतून मातीची कड शोधत चाला, झाडांखालून चाला. चालणेच, पळणे नाही. तासभराचे सावकाश, हुंगत-थांबत चालणे या कुत्र्याला पुरे होते, हे बऱ्याच लोकांना पटत नाही, पण धावणारी जात दिवसातला बहुतेक वेळ झोपून काढते. ती रखवालदार नाही की मेंढरांची राखणदार नाही. पट्टा रुंद घ्या. या कुत्र्याची मान डोक्याहून जाड असते. साधा पट्टा मागे खेचला की सरळ डोक्यावरून निघतो, आणि पहाटेची गल्लीतली टोळी अंगावर आली की तो नेमका मागे खेचतो.

त्याला खरोखर मोकळे धावू द्यायचे ते डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. कुंपण घातलेली, लांबट, गवताची किंवा मऊ मातीची जागा हवी, आणि आधी जागा पायी फिरून दगड, काच, खड्डे बघून घ्यावेत. कोंडापूरला महापालिकेने २०१८ मध्ये खास कुत्र्यांसाठी बाग केली आहे. तुम्हाला लांब पडेल, पण थंडीतल्या रविवारी जाण्यासारखी आहे. काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून सरळ रेषेत पळवा. दोन धावा, मध्ये पूर्ण विश्रांती, मग पट्टा. तिसरी धाव तो मागेल. देऊ नका.

घरातही एक गोष्ट सांभाळा. हैदराबादी घरांतली तांडूरची फरशी उन्हाळ्यात पोटाला गार लागते म्हणून कुत्रा तिच्यावर पसरतो, ते चांगलेच आहे. पण दाराची घंटी वाजली की तो तिच्यावरून सुटतो आणि घसरतो. येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी टाका.

उष्माघाताची चिन्हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, पाठ हवीत. जीभ टोकाशी रुंद होऊन खूप बाहेर येते, लाळ घट्ट आणि चिकट होते, हिरड्या लालभडक होतात. पुढे तो झोकांड्या खातो, हाकेला बघत नाही, उलटी किंवा रक्ताचे जुलाब होतात. तोवर थांबू नका. पहिल्या चिन्हालाच त्याला सावलीत घ्या आणि अंगावर पाणी ओता, नळाचे, माठाचे, जे हाताशी असेल ते. पोट, काखा, मांड्या भिजवा आणि वारा घाला. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका. तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आधी थंड करायचे, मग न्यायचे, आणि नेतानाही रिक्षात पाणी ओतत राहायचे. तुमच्या जवळ नारायणगुड्याला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. त्याची वेळ आणि रात्री उघडा असणारा एखादा दवाखाना आजच माहीत करून ठेवा. कुत्रा उठून शेपटी हलवू लागला तरी दाखवायला न्याच. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते ती नंतरच्या एक-दोन दिवसांत.

अतिश्रमाचे आणखी एक दुखणे या जातींत येते. पळून आल्यावर काही तासांनी पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू लाकडासारखे ताठ होतात, हात लावला की कुत्रा कळवळतो, आणि लघवी कॉफीच्या रंगाची होते. तुटलेल्या स्नायूंचा रंग रक्तावाटे लघवीत उतरलेला असतो, आणि तो मूत्रपिंडे बंद पाडू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासऱ्यांना रस असेल तर मुधोळची एक चक्कर त्यांना आवडेल. घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली मुधोळ जात त्यांच्या करवानीची सख्खी नातलग आहे. २०२० मध्ये ती देशी जात म्हणून अधिकृत नोंदवली गेली, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. पिढ्यान्‌पिढ्या हे कुत्रे पाळणारी माणसे त्या भागात आहेत. उन्हाळ्यातली पद्धत त्यांनाच विचारावी.

प्रश्न : आमच्याकडे शेतावर कुत्र्यांना ताक-भाकरी घालतात. उन्हाळ्यात ताकाने कुत्र्याचं अंग थंड राहतं हे खरं आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : ताकाने शरीराचे तापमान उतरत नाही. पण ताकात बरेचसे पाणीच असते, आणि दुधापेक्षा ते पचायला सोपे, म्हणून बिनमिठाचे पातळ ताक द्यायला हरकत नाही. फोडणीचे, कांदा-लसणाचे नको. कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. नुसत्या भाकरीवर मात्र पळणाऱ्या कुत्र्याचे स्नायू टिकत नाहीत, तिच्याबरोबर अंडे किंवा मांस हवे. सावलीत दोन ठिकाणी पाणी भरून ठेवा, म्हणजे एक भांडे लवंडले तरी दुसरे उरते.

खाण्यात काय आहे याहून कधी आहे हे जास्त सांभाळा. करवानीची छाती खोल असते, आणि अशा कुत्र्यांत भरल्या पोटी पळवले की जठर फुगून पिळले जाण्याचा धोका असतो. पळवण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण नको, आणि परत आल्यावर धाप पूर्ण बसल्यावर, तासाभराने घाला. पाणी मात्र तोडू नका. आल्याबरोबर थोडे, मग पुन्हा थोडे. पोट ढोलासारखे ताणले, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, कुत्र्याला एका जागी बसवत नाही असे दिसले, तर सकाळपर्यंत वाट बघू नका. ही शस्त्रक्रियेची बाब आहे आणि हातात काही तासच असतात.